सार्जंटच्या कानावर

वेंडेल पोलिसात आला, पण त्याच्यातला सैनिक काही निवृत्त झाला नव्हता. छावणीच्या फाटकाबाहेरच्या या गावात निम्मे पोलीस तसलेच.

लोरेटाचा फोन आला म्हणून तो भरदुपारी तिच्या घरी पोचला. तिचा नवरा ट्रॉय गणवेशातच अंगणात बसून मुलीच्या सायकलची चेन चढवत होता. लोरेटाचं मनगट अजून पट्टीत होतं. बहिणीकडे जायला तिने बॅग भरून ठेवली होती.

"याला माझ्याजवळ फिरकायची बंदी आहे. याच्या कॅप्टननेच हुकूम काढलाय," ती दारातून म्हणाली.

"तो लष्कराचा हुकूम, मॅडम. त्यावर मला अटक करता येत नाही. छावणीच्या पोलिसांना कळवायचं, एवढंच माझ्या हातात."

"मग कळवा की! पुन्हा इकडे आला तर बराकीत डांबेन, म्हणालाय कॅप्टन."

ट्रॉय वेंडेलच्या गाडीपाशी येऊन पुटपुटला, "दादा, तुम्हीपण आपल्यातलेच ना? सायकलपुरता आलो होतो. वर कळलं तर नोकरी गेली माझी."

वेंडेल विरघळला. सैनिकाचं लफडं आधी त्याच्या सार्जंटच्या कानावर घालायचं, थेट वर गेला तो चुगलखोर, ही पलटणीची जुनी रीत. त्याने ट्रॉयच्या सार्जंटला फोन लावला.

"पाठव त्या गाढवाला. सालटी सोलतो त्याची! वर कशाला बोभाटा?"

ट्रॉय मान खाली घालून निघून गेला.

"कळवलंत?" लोरेटाने विचारलं.

"कळवलं."

"सुटले बाई! मग आता बहिणीकडे जायला नको." ती बॅग उचलून आत गेली. वेंडेलला वाटलं, आपण कुठे खोटं बोललो? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून तो मोकळा झाला होता.

दोन दिवसांनी कॅप्टनने छावणीच्या पोलिसांकडे चौकशी केली, ट्रॉयने हुकूम मोडल्याची काही खबर आहे का. त्यांच्याकडे काहीच आलं नव्हतं. ट्रॉयला कुणी अडवलं नाही.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी बोलावलं, तेव्हा लोरेटा स्वयंपाकघरात चादरीखाली होती. ट्रॉयला बेड्या पडल्या होत्या. या वेळी वेंडेलने छावणीच्या पोलिसांनाच फोन लावला.

"हुकूम याआधी कधी मोडला होता त्याने?" पलीकडून विचारणा झाली.

"हो. माझ्यासमोर."

"मग आम्हाला कळवलं का नाही?"

वेंडेलने फोन खाली घेतला. समोर कपाटावर लोरेटाची बॅग होती, रिकामी करून, नीट घडी घालून ठेवलेली.