लेस्टरला सांगू नये

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, जाड दोऱ्याने शिवलेली, एका कोपऱ्यावर मोहरीच्या चटणीचा डाग पडलेली. विस्कॉन्सिनमधल्या एका नदीकाठच्या गावात, ऑर्व्हिल टेशच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे मी पडून असते. जुन्या वस्तू आपली कहाणी मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ते जमायचे नाही. माझी गोष्ट लाजेची आहे आणि ती मी मान खाली घालूनच सांगणार आहे.

माझा जन्म गावातल्या कागद गिरणीत झाला. लेस्टर पावलाक नावाचा धिप्पाड माणूस तिथे कागद कापण्याच्या यंत्रावर होता. ऑर्व्हिल त्याच्याच पाळीत, शेजारच्या यंत्रावर. दोघांनी सव्वीस वर्षे एकमेकांच्या डब्यातले सँडविच खाल्ले. ऑर्व्हिल निवृत्त झाला त्या दिवशी लेस्टरने उरलेल्या कागदाच्या कडा कापून, बरोबर करून, स्वतःच्या हाताने मला बांधले आणि म्हणाला, "घे. तुझी ती आकडेमोड आता सिगारेटच्या पाकिटावर करू नकोस."

ती आकडेमोड एका खेळाची होती. गावातले दहा जण दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ऑर्व्हिलच्या गॅरेजमध्ये जमत. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधले, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळातले, खरे खेळाडू आळीपाळीने निवडून प्रत्येक जण आपला कागदावरचा संघ बांधत असे. एकाने घेतलेला गडी दुसऱ्याला मिळत नसे. मग तो गडी रविवारी खऱ्या मैदानावर जितका धावेल, तितके गुण याच्या खात्यात. बक्षीस काय, तर कुणाच्या तरी आजीची पितळी किटली. पण त्या किटलीसाठी भली भली माणसे महिनाभर एकमेकांशी बोलत नसत.

या खेळात चांगला गडी ओळखणे सोपे असते. तो तर सगळ्यांनाच दिसतो. कठीण असते ते उतरणीला लागलेला गडी ओळखणे. नाव मोठे, कालपरवापर्यंत गाजलेला, पण आतून संपलेला. असा गडी घेतला की वर्ष पाण्यात गेले. ऑर्व्हिल नेमका यातच वाकबगार होता. तो टीव्हीचा आवाज बंद करून सामने बघायचा. समालोचक खोटे बोलतात, पाय खोटे बोलत नाहीत, असे त्याचे म्हणणे. वळताना दुसरे पाऊल कसे पडते, धक्का बसल्यावर गडी पुढे सरकतो की तिथेच कोसळतो, पडल्यावर उठताना कुणाचा हात शोधतो, हे तो बघायचा. उन्हाळ्यात एखाद्या गड्याने मुलाखतीत सांगितले, 'मला पुन्हा विशीतल्यासारखं वाटतंय', की त्याचे नाव लाल पेन्सिलीने माझ्यात आलेच म्हणून समजा.

माझी शेवटची वीस पाने या लाल नावांची होती. सगळे त्या पानांना ऑर्व्हिलचे कब्रस्तान म्हणत. "काय रे, यंदा कुणाकुणाला पुरलंस?" असे विचारत आणि मला हिसकावू बघत. ऑर्व्हिल मला शर्टाच्या आत पोटाशी धरायचा. नऊ वर्षांत पाच वेळा किटली आमच्या घरी आली. खोटे कशाला बोलू, मला भारी अभिमान वाटायचा. लोकांच्या पडझडीवर मी लठ्ठ होत होते आणि त्यालाच हुशारी समजत होते.

आता त्या नावाबद्दल सांगते.

लेस्टरचा मुलगा ट्रेंट. लहानपणी शाळेच्या मैदानावर त्याला चेंडू काखोटीला मारून धावायला कुणी शिकवले असेल, तर ऑर्व्हिलने. गिरणीतून सुटल्यावर तो पोरांना शिकवायला जायचा. ट्रेंट पुढे मोठा झाला, शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेला आणि बाविसाव्या वर्षी खराखुरा व्यावसायिक खेळाडू झाला. गावाने पेट्रोल पंपावर त्याचे नाव रंगवले.

त्या वर्षापासून आमच्या गॅरेजमध्ये एक रीत पडली. ती कुणी लिहिली नव्हती, पण मोडण्याची कुणाची छाती नव्हती. ट्रेंटला कुणी हात लावायचा नाही. तिसरी फेरी आली की लेस्टर उठायचा, मुलाच्या नावाची पट्टी भिंतीवरच्या तक्त्यावर स्वतः चिकटवायचा आणि सगळ्यांसमोर त्याला फोन लावायचा. "घेतलं रे तुला. यंदाही तू आमच्याकडेच." पलीकडून ट्रेंट हसायचा आणि सगळ्यांच्या खुशालीची चौकशी करायचा. मार्लिस, म्हणजे ऑर्व्हिलची बायको, तेवढ्यासाठी सॉसेजची परात हातात घेऊन दारात थांबायची.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरात, ऑर्व्हिलने बंद आवाजात ट्रेंटचा सामना बघितला. मध्येच उठून तो टीव्हीजवळ गेला. मग खुर्चीत बसून बराच वेळ नुसता पेन्सिल फिरवत राहिला. शेवटी त्याने माझ्यात लिहिले, 'ट्रेंट पावलाक. डावीकडे वळण्याआधी थांबतो. अगदी निमिषभर. उजवा गुडघा.' ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हतेच. ज्याने ते वळण शिकवले त्यालाच दिसावे, इतके ते बारीक होते.

मग पुढच्या आठवड्यांत आणखी ओळी आल्या. 'धक्क्यानंतर पूर्वी चार यार्ड घ्यायचा, आता एक.' 'उठताना डावा हात टेकतो.' आणि सगळ्यांत खाली, दोनदा अधोरेखित करून, 'घेऊ नये. लेस्टरला सांगू नये.'

त्या शेवटच्या तीन शब्दांचे कारण मला तेव्हाच कळले होते. त्याला मित्राचे मन दुखवायचे नव्हते, हे खरेच. पण मित्रांनो, त्याच्याखाली दुसरेही एक कारण होते. किटलीसाठी खरी चुरस असायची ती लेस्टरशीच. तो तिसरी फेरी वाया घालवतोय तर घालवू दे, असे ऑर्व्हिलच्या मनात आले होते. ते त्याने लिहिले नाही, पण लिहिताना पेन्सिल ज्या जोराने दाबली गेली ती मला अजून खुपते. पुढच्या ऑगस्टला लेस्टरने पुन्हा ट्रेंटलाच घेतले, सहा गुणांनी हरला आणि किटली आमच्याकडे आली. आम्ही तिच्यात कॉफी करून सगळ्यांना पाजली. लेस्टरने दोन कप घेतले.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. गॅरेज भरले होते. डेनिस क्रॉस नावाची बाई, जी चर्चच्या कचेरीत काम करते आणि आमच्याकडे प्रत्येकाच्या पाळीची वेळ मोजते, तिने निवडीचा क्रम विचारला. क्रम माझ्या पहिल्या पानावर होता. ऑर्व्हिल बाहेर शेगडीवर सॉसेज उलटत होता. हात तेलकट. तो तिथूनच ओरडला, "लेस्टर, वही फ्रीजवर आहे. पहिलं पान वाच जरा."

नऊ वर्षे पोटाशी धरलेली मी, त्या दिवशी फ्रीजवर होते. विसरला तो. लेस्टरने मला उचलले आणि मी उघडले. पहिल्या पानावर नाही. ऑर्व्हिलने दोन वर्षे ज्या पानावर मला पुन्हा पुन्हा उघडून ठेवले होते, तिथे माझी पाठ मोडली होती. मी त्याच पानावर उघडले. ज्या हातांनी मला बांधले, त्याच हातांत.

लेस्टरने वाचले. वरून खालपर्यंत, मग पुन्हा एकदा. त्याचा अंगठा त्या शेवटच्या ओळीवर टेकला होता. मला वाटले, आता मला भिरकावून देईल. त्याने तसे काही केले नाही. त्याने पहिले पान काढले आणि दहा जणांचा क्रम सरळ आवाजात वाचून दाखवला.

पहिल्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरीत त्याची पाळी आली तशी मार्लिस परात घेऊन दारात येऊन उभी राहिली. लेस्टर उठला, तक्त्यापाशी गेला आणि त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी कोवळ्या पोराची पट्टी चिकटवली.

"लेस्टर, चुकून दुसरी घेतलीस बघ," डेनिस म्हणाली.

"चुकून नाही," तो म्हणाला आणि बसला.

 ऑर्व्हिलने आधी लेस्टरकडे बघितले, मग माझ्याकडे. त्याच्या मानेपासून कानापर्यंत लाली चढत गेली. पुढच्या सगळ्या फेऱ्यांत ट्रेंटचे नाव तक्त्याशेजारी तसेच राहिले. शेवटच्या फेरीत ऑर्व्हिलने ती पट्टी उचलली आणि म्हणाला, "मी घेतो त्याला."

"दया नको दाखवूस," लेस्टर शांतपणे म्हणाला. "तुझ्या वहीत लिहिलंय, घेऊ नये."

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. फोन माझ्या शेजारीच पडला होता, म्हणून नाव मला दिसले. ट्रेंट. दरवर्षीची वेळ टळून गेली होती, म्हणून पोराने आपणच फोन लावला होता. लेस्टर फोनकडे बघत राहिला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. कुणी उचलला नाही. सॉसेज परातीतच गार झाले. लेस्टरने टोपी घातली आणि तो गाडीत बसून निघून गेला. त्यानंतर तो या गॅरेजमध्ये आलेला नाही.

तुम्ही विचाराल, वहीचे खरे ठरले का? ठरले ना. चौथ्याच सामन्यात डावीकडे वळताना ट्रेंटचा गुडघा निखळला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. माझ्यातले अक्षर अन् अक्षर खरे ठरले. खरे ठरण्याची इतकी लाज वाटू शकते, हे मला तोवर माहीत नव्हते.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी गॅरेजचे दार वाजले. कुबडी घेऊन ट्रेंट उभा होता.  ऑर्व्हिलने खुर्ची पुढे सरकवली.

"कोच, बाबांनी सांगितलं ते पान बघायचंय," ट्रेंट म्हणाला.

ऑर्व्हिलने मला त्याच्या हातात दिले. मी त्याच पानावर उघडले. मला आता दुसरे काही येतच नाही. ट्रेंटने सावकाश वाचले आणि पानाच्या डोक्यावरच्या तारखेवर बोट ठेवले.

"दोन वर्षांपूर्वी?"

"हो."

"डॉक्टरांना हे आत्ता, गुडघा निखळल्यावर सापडलं. तोवर फक्त मला माहीत होतं. मी सगळ्यांपासून लपवत होतो. वाटलं, कुणाला दिसत नाही, तोवर खेळत राहावं."  त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच फार वाईट होते. "तुम्ही एक फोन केला असता ना कोच, तर मी थांबलो असतो. तुमचं मी ऐकलं असतं."

ऑर्व्हिल साठी उलटलेला माणूस, पण तो हातात तोंड लपवून लहान पोरासारखा रडला. ट्रेंटने मला मिटून त्याच्या मांडीवर ठेवले आणि कुबडी टेकत तो गेला. जाताना पायरीवर तो डावीकडे वळण्याआधी थांबला. आता ते कुणालाही दिसले असते.

ऑर्व्हिल दर रविवारी चर्च सुटल्यावर लेस्टरच्या दारापर्यंत जातो. अजून दार उघडलेले नाही. तो जातो मात्र. ती पितळी किटली त्याने त्यांच्या ओसरीवर ठेवली होती. ती तिथेच ठेवलेली आहे, आत नेलेली नाही आणि परतही केलेली नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींची नजर ऑर्व्हिलसारखी तीक्ष्ण असेल. चालताना कोण लंगडतो, हसताना कुणाचे डोळे हसत नाहीत, हे तुम्हाला इतरांच्या आधी दिसेल. ते माझ्यासारख्या वहीत लिहून ठेवू नका. ज्याचे पाऊल अडखळते आहे, त्याच्याकडे जा आणि त्यालाच सांगा. मला सगळे माहीत होते आणि मला तोंड नव्हते. ऑर्व्हिलला होते.