फुली नसलेले अंडे

मी एक जुने लाकडी अंडे आहे. हसू नका, मित्रांनो. अशी खोटी अंडी असतात हे तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊकच नसेल. कोंबडीला मोकळे सोडले, की ती मनाला येईल तिथे अंडी घालते. कधी लाकडांच्या ढिगात, कधी पिंपामागे, कधी सायकलच्या करंडीत. तिने ठरलेल्या जागीच बसावे म्हणून तिथे आधीच एक अंडे मांडून ठेवतात. ते पाहून तिला वाटते, ही जागा बरी दिसते, आपल्याआधी कुणीतरी इथे विश्वास टाकला आहे. ते अंडे म्हणजे मी. माझा धंदाच मुळी फसवणुकीचा, तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

खरे तर मी दाराची मूठ होणार होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कातारी होता. चरकावर लाकूड फिरवून तो खुर्चीचे पाय, पोळपाट, मुठी असले काहीबाही कातायचा. मला कातताना बुडाशी चीर गेली आणि त्याने मला भुशात भिरकावले. तेवढ्यात स्टुलाचा मोडका पाय घेऊन माझी पुढची मालकीण, थोरली, आली. तिची नजर माझ्यावर पडली. "एवढं घासून पांढरं करून द्या, कोंबड्यांना फसवायला बरं पडेल," ती म्हणाली. काताऱ्याने घासूनपुसून मला रंग दिला आणि अगदी हुबेहूब झाले म्हणून माझे कौतुक केले. आयुष्यात माझे कौतुक झाले ते एवढेच.

थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी. एक मोठी खोली, एक स्वयंपाकघर आणि मागे भिंतीने वेढलेले अंगण, एवढ्यात त्या राहत. थोरलीने सारी नोकरी एका गोदामात कारकुनीत काढली होती. निवृत्त झाल्यावर कुणावर तरी हुकूम चालवायला हवा, म्हणून तिने कोंबड्या पाळल्या. धाकटी पुढच्या खोलीत कपडे शिवत असे. मशीन, इस्त्री, कापायचे टेबल आणि टेबलाखाली कतरणांचा ढीग. दोघींचे एकमेकींवाचून पान हलत नसे आणि दोघींचे एका वाक्यापुढे पटतही नसे. थोरलीची जीभ धारदार होती. धाकटी तिला या वयातही टरकून असायची.

खुराड्यात अंडी घालायला चार कप्पे होते. चारही सारखे, चारहींत सारखेच गवत. पण सगळ्या कोंबड्यांना हवा असायचा तो एकच, माझा. एक आत बसलेली, दोघी दारात ताटकळत उभ्या आणि चौथी घाई झाली म्हणून सरळ आतलीच्या पाठीवर चढून बसलेली, असे रोज चालायचे. शेजारचे तीन कप्पे रिकामे. अंडे घालणारी गुपचूप उतरून निघून जायची आणि जिने काहीच केले नाही ती अंगणभर ओरडत सुटायची, जणू हिनेच मोठा पराक्रम केला आहे.

त्यांचा कोंबडा म्हणजे तर निव्वळ थाट. दोघी बहिणी त्याला मुकादम म्हणत, कारण तो स्वतः काही करायचा नाही आणि सगळीकडे उभा राहायचा. काही खायचे सापडले, की मान खालीवर करत तो बायकांना हाका मारी. बायका पळत येत. पाहतात तर धाकटीच्या केरातून आलेले शर्टाचे बटण. मुकादमाला त्याची जराही लाज नसे, दुसऱ्या दिवशी तेच बटण तो पुन्हा सादर करी. स्टीलची बादली उन्हात पालथी घातली, की तिच्यात दिसणाऱ्या दुसऱ्या कोंबड्याशी अर्धा अर्धा तास भांडत राही. एकदा एक कोंबडी लाल कतरण चोचीत धरून पळाली आणि तिने गांडूळ पळवले असे समजून बाकीच्या चौघी तिच्यामागे लागल्या. मग पहिलीकडून दुसरीने हिसकावली, दुसरीकडून तिसरीने. शेवटी कतरण कुणीच खाल्ली नाही. धाकटी मागच्या दारात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. त्या घरात हसू यायचे ते असे, कोंबड्यांच्या निमित्ताने.

त्यांच्यात एक कबरी होती. अंगभर काळेपांढरे ठिपके, तुरा एका बाजूला कललेला. ती कधी ओरडायची नाही की कुणाच्या पाठीवर चढायची नाही. पण वर्षातून एकदा ती खुडूक व्हायची. म्हणजे अंडी देणे थांबवून, पिसे फुलवून, नुसती माझ्यावर बसून राहायची. हात घातला की टोचायची. थोरली तिला उचलून थंड पाण्यात बुडवी, डालग्याखाली कोंडी, चार दिवसांत तिची खुडूक मोडून टाकी. असे चार वर्षे चालले. चारही वेळा ती माझ्यावर बसली होती, मित्रांनो. तिच्या अंगाखाली मी गरम होत असे. मला ते आवडत असे, हे मी लपवणार नाही. त्या बिचारीला काय वाटत असेल हा विचार मी तेव्हा केला नाही.

पाचव्या वर्षी कबरी पुन्हा बसली. थोरली पाण्याची बादली घेऊन आली, कबरीकडे बघत जरा वेळ उभी राहिली आणि पाणी झाडांना ओतून आली. कबरी आता म्हातारी झाली होती, यापुढे ती खुडूक होईलच असे नव्हते. "बस बाई, एकदा बस," थोरली म्हणाली. तिने अकरा अंडी निवडली. इतर कोंबड्या त्याच कप्प्यात येऊन अंडी घालणार हे तिला ठाऊक होते, म्हणून उबवायच्या प्रत्येक अंड्यावर तिने पेन्सिलीने एक फुली मारली. गोदामात पेटीवर फुली म्हणजे ही पेटी राखून ठेवलेली आहे, कुणी हात लावायचा नाही. फुली नसलेली अंडी रोजच्या रोज काढून घ्यायची, एवढाच हिशेब. मला मात्र तिने फुलीविना तसेच कबरीखाली राहू दिले. माझ्यावर फुली मारायचे कारणच नव्हते.

कबरी इतकी गुंतली होती, की खायलाही उठायची नाही. थोरली रोज दुपारी तिला दोन्ही हातांनी उचलून दाण्यापाण्यापाशी ठेवी, पंधरा मिनिटे राखण करी आणि परत बसवी. असे आठ दिवस गेले. मग थोरलीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली. रिक्षा दारात उभी, पिशवी सापडत नाही, कागद सापडत नाहीत, अशा गडबडीत तिने धाकटीला सांगितले, "कबरीखालची अंडी फुल्या बघून काढत जा." आणि ती गेली. कबरीला रोज उचलून खायला घालायचे असते, हे सांगायचे राहिलेच.

आता धाकटीचा धंदा बघा. कापडावर डाग असला, भोक असले, सूत ओढले गेले असले, की शिवणाऱ्या बाईच्या खडूची तिथे फुली पडते. फुली म्हणजे हे वाया, हे कापून टाक. पंचवीस वर्षे तिने फुलीचा हाच अर्थ वापरला होता. दोघी एकाच छपराखाली राहून एका साध्या खुणेचे दोन अर्थ बाळगत होत्या आणि दोघींनाही त्याची गंधवार्ता नव्हती.

पहिले काही दिवस धाकटी खुराड्याकडे फिरकलीच नाही, कारण कबरी टोचते. ती दारात वाटीभर दाणे आणि पाणी ठेवून जायची. ते दाणे मुकादम बायकांना बोलावून दाखवायचा आणि बायका फस्त करायच्या. कबरी आतून नुसती बघायची, कधी अंधारात उठून पाण्याचे दोन घोट तेवढे घ्यायची. कबरी बसल्यापासून सतराव्या दिवशी थोरलीचा इस्पितळातून फोन आला. अंडी काढतेस ना, तिने विचारले. धाकटी हो म्हणाली आणि फोन ठेवल्यावर हाताला जाड कापड गुंडाळून आली. कबरीने कापडावर चोची मारल्या. धाकटीने तिच्या पोटाखाली हात घालून अंडी चाचपली, बाहेर काढून पाहिली आणि फुल्यांची अकराच्या अकरा परडीत घातली. त्यांच्यातली हालचाल मला कळत होती. आठवडाभर ती माझ्या अंगाला लागून आतल्या आत ढुशा देत होती. मला तोंड नाही, मित्रांनो. असते तर त्या दिवशी मी ओरडले असते.

उबवायला नकोत म्हणजे खायला काढायची, असे समजून तिने अंडी फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने तव्यावर एक फोडले. आत काय होते ते मी सांगत नाही, तुम्ही ओळखा. ती मागच्या पायरीवर येऊन बसली. मग तिने सगळी अंडी भिंतीपाशी खड्डा करून पुरली.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाचीही होते. पण थोरली तीन दिवसांनी येणार होती आणि तिच्या जिभेला तोंड द्यायचे धाकटीच्या जिवावर आले. ती दुकानात गेली, तांबूस रंगाची अकरा अंडी घेऊन आली, टेबलावर बसून तिने प्रत्येकावर एकेक फुली काढली आणि ती कबरीखाली सरकवली. इतर कोंबड्यांची तिथे साचलेली अंडी उचलून नेली. दुकानातली अंडी ज्या कोंबड्यांची असतात त्यांनी कोंबडा कधी पाहिलेला नसतो. त्या अंड्यांतून काही निघणे शक्य नव्हते. कबरीने ती चोचीने एकेक करून आत ओढली. मी आयुष्यभर एकटे खोटे होते. आता आम्ही बारा झालो.

एकविसाव्या दिवशी, म्हणजे पिले निघायच्याच दिवशी, थोरली काठी टेकत घरी आली. डॉक्टरांनी पायाला आराम द्यायला सांगितले होते, पण तिने खुराड्यासमोर स्टूल मांडून घेतले. बाविसावा दिवस गेला, तेविसावा गेला. कबरी वाळून काटकी झाली होती. पण थोरलीचा पाय दुमडत नव्हता, तिला वाकून आत बघता येईना, आणि पिले निघायच्या वेळी कोंबडीला हलवू नये म्हणून तिने धाकटीलाही हात लावू दिला नाही. कधीकधी उशीर होतो, ती म्हणायची. धाकटी मशीन चालवत होती. मशीनचा आवाज त्या दिवसांत थांबतच नव्हता.

सव्विसाव्या दिवशी एक अंडे फुटले आणि अंगणभर घाण वास सुटला. थोरलीने काठीच्या टोकाने दुसरे बाहेर ओढले आणि हातात घेऊन पाहिले. फुली निळी होती, पुसट होती, बोट लावताच पुसली गेली. तिने पेन्सिल वापरली होती. हा शिवणाचा खडू होता.

थोरली ओरडेल असे मला वाटले होते, धाकटीलाही वाटले असणार. थोरलीने नुसती हाक मारली. धाकटी आली आणि एका दमात सगळे सांगून मोकळी झाली. फुली, तवा, खड्डा, दुकान, सगळे.

"तू आजारातून उठून येणार होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, निघालीच नाहीत पिल्लं, असं म्हणून संपून जाईल."

"अंडी गेली ते मी विसरले असते गं," थोरली म्हणाली. "त्याच दिवशी बोलली असतीस, तर मी फोनवर सांगितलं असतं, उचल तिला, पाण्यात बुडव, खायला घाल. जगली असती ती."

"अजून जिवंत आहे ना," धाकटी म्हणाली.

दोघींनी मिळून कबरीला बाहेर काढले. तिला वजन असे उरलेच नव्हते. धाकटीने तिच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडले, भिजवलेले दाणे भरवले. नासकी अंडी काढून टाकली, गवत बदलले. तेवढ्यात कबरी धडपडत उठली, पडत झडत कप्प्यापर्यंत गेली आणि तिथे जे एकच उरले होते त्याच्यावर, म्हणजे माझ्यावर, पंख पसरून बसली. मला कुणी काढले नव्हते. माझी आठवणच कुणाला झाली नव्हती. मी काही नासत नाही, फुटत नाही, वास मारत नाही. तिने मला चोचीने छातीखाली ओढून घेतले. दोन दिवस तिचा श्वास मला कळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गार पडले, त्यावरून मला समजले.

मित्रांनो, या गोष्टीला बरेच दिवस झाले. दोघी बहिणी अजून एकत्र राहतात आणि आता एका वाक्याइतकेही बोलत नाहीत. मुकादम नवीन बटणे शोधतो. आपण चुकलो तर त्याच घटकेला सांगून टाका, शिव्या बसतील त्या खा. तुम्ही झाकायला जाता ते तुमचे तोंड, पण तोवर दुसरे कुणीतरी उपाशीपोटी खोट्यावर बसून वाट बघत असते. आणि पाळलेल्या जिवाची काळजी दुसऱ्यावर सोपवाल तेव्हा रिक्षा थांबवा, पण पूर्ण सांगा, समजले का ते विचारा.

मला त्यांनी पुसून पुन्हा त्याच कप्प्यात ठेवले आहे, कारण मी अजून कामाचे आहे. परवा एक नवी तलंग आत आली. तिने अजून एकही अंडे घातलेले नाही, अंगावरची पिसेही पुरती भरलेली नाहीत. तिने मान वाकडी करून मला पाहिले, चोचीने एकदा फिरवले आणि शेजारी बसली. आज ती शेजारून उठून माझ्यावर येऊन बसली आहे. पिसे फुलवली आहेत. मला ऊब लागते आहे आणि मला ती नको आहे. तिला उठवा. ते जमत नसेल तर मला तरी इथून उचला.