मुनालुलाकाकांचा बांध

"फोडा की! माझा फोडलात, आता स्वतःचाही फोडा!" मी काठावरूनच ओरडलो.

मुनालुलाकाका गुडघाभर पाण्यात उभे होते, हातात फावडं. झांबेझी नदीचा पूर ओसरला की काठच्या मैदानातलं पाणी आमच्या बांधांच्या खिंडीतून नदीकडे परततं. खिंडीत बोरूचा सापळा लावायचा आणि काड्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. मोठा मासा आपला, पिल्लं नदीची. या फटींची राखण गावानं काकांवर सोपवली होती. गेल्या आठवड्यात माझ्या सापळ्याला आतून लावलेली मच्छरदाणी सापडली, जिच्यातून एक पिल्लूही सुटत नाही, तेव्हा त्यांनी माझा बांध फोडला. मी त्यांना नाही नाही ते बोललो होतो.

आज मच्छरदाणी त्यांच्याच सापळ्यातून निघाली.

"कुणी लावली?" काकांनी विचारलं.

"मी," त्यांची सून नोटुलू म्हणाली. तिच्या पाठीला मूल बांधलेलं होतं. ते रडतसुद्धा नव्हतं.

"अगं, हे पुढल्या वर्षीचे मासे."

"पुढल्या वर्षी खायला उरणार कोण, बाबा? दोन वर्षं पूर आला तो नुसता पाय भिजवून गेला. मका नाही, गाई मेल्या. माझ्या थोरलीला माती दिलीत, तेव्हा कुठं होती तुमची फट?"

काकांचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता म्हातारा विरघळणार, आणि खरं सांगतो, मला ते हवंच होतं. पण त्यांनी फावडं उचललं. चार घावांत बांध खचला, पाणी धो धो निघालं. मग मच्छरदाणी ओढून त्यांनी काठावर पालथी केली. बोटाएवढ्या माशांचा ढीग पडला, निम्मा अजून तडफडत होता.

"मेलेली तुझी," ते म्हणाले. "जिवंत आहेत ती पाण्यात सोड. नियम आहे."

नोटुलू खाली बसून निवडू लागली. एक पाण्यात, एक टोपलीत. मग तीन टोपलीत. मी नीट पाहिलं. टोपलीत टाकण्याआधी ती प्रत्येक पिल्लाचं डोकं अंगठ्यानं दाबत होती.

काकांनीही ते पाहिलं. मला ओरडायचं होतं, शब्द ओठांवर आले होते. पण पाठीवरच्या पोराची मान अशक्तपणानं कलंडलेली दिसली आणि मी दोन पावलं मागे सरलो.

काकांनी आमच्याकडे पाठ केली. ते नदीकडे तोंड करून, तिची टोपली भरेपर्यंत तसेच उभे राहिले.