अण्णांचे पक्षी उतरवून घेताना

सून भाजी घेऊन परतली तेव्हा कॉम्प्युटर एक प्रश्न विचारून ताटकळत बसला होता. ‘ही फाइल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू की सोडून देऊ?’ ती बाहेर पडल्यापासून एकही फाइल पुढे सरकली नव्हती.

तिने पिशवी जमिनीवर आदळली. “अण्णा, तुम्ही इथेच होतात ना? मग बटण का नाही दाबलंत?”

“मला वाटलं, तुला विचारतोय,” सासरे म्हणाले.

अण्णांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि प्रत्येक सुट्टीत माइक घेऊन रानं पालथी घातली. पक्ष्यांच्या हजारो हाका त्यांनी टिपल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच जुन्या हार्ड डिस्कवर होत्या. ती डिस्क आता म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखी कटकट वाजत होती. संध्याकाळी संग्रहालयातल्या बाई कॉपी न्यायला येणार होत्या. त्याआधी सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं होतं, आणि ते सुनेच्याच गळ्यात पडलं होतं. ती घरून इमारतींचे नकाशे काढायची. आज कॉम्प्युटर पक्ष्यांनी अडवल्यामुळे तिचा नकाशा तसाच पडून होता.

तिने पुन्हा सुरुवात केली. आधी कॉम्प्युटर म्हणाला दहा मिनिटं, मग म्हणाला दोन दिवस. मग विचारलं, ‘या फाइली आधीच आल्या आहेत, त्यांच्या जागी पुन्हा टाकू का?’ ती गॅस बंद करायला वळली तेवढ्यात अण्णांनी तत्परतेने ‘होय, सगळ्या’ दाबलं. झालं! येरे माझ्या मागल्या, पहिल्यापासून सुरू.

“आता दाबलं तरी चूक,” अण्णा पुटपुटले.

तिने कपाळावर हात मारला आणि व्हिडिओ संपादन करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण हसलीच. “कॉम्प्युटरसोबत जे येतं त्यानं कशाला करतेस? कॉपी करण्यासाठी वेगळे प्रोग्राम फुकट मिळतात. फाइल अडली तर बाजूला ठेवून पुढे जातात, आणि झालं की मूळ आणि नक्कल ताडूनही बघतात.”

अण्णांच्या कानावर ते पडलंच. “घरचं सोडून तिऱ्हाइताच्या हाती कारभार? आणि फुकट देतोय म्हणजे काहीतरी गोम असणार.”

“अण्णा, चष्मा करायला तुम्ही डोळे देणाऱ्या देवाकडे जाता का?”

तिने इंटरनेटवर तशा प्रोग्रामचं एक पान उघडलं. पण गोम निघालीच. त्या पानावर हिरवी बटणं ढीगभर होती. तिने सगळ्यात मोठं दाबलं आणि पडद्यावर हवामान सांगणारं भलतंच काहीतरी येऊन बसलं.

“सांगितलं होतं मी.”

“हो, सांगितलं होतंत!” दात-ओठ खात तिने ते काढून टाकलं, मैत्रिणीकडून प्रोग्राम बनवणाऱ्याच्या पानाचा नेमका पत्ता घेतला आणि खरा प्रोग्राम उतरवला.

तो मात्र कामाचा निघाला. ना तक्रार, ना प्रश्न. वाचता न येणाऱ्या फाइली बाजूला ठेवून तो सरसर पुढे जात होता. सुनेने बऱ्याच वेळाने खुर्चीला पाठ टेकली आणि मग भाजी निवडायला स्वयंपाकघरात गेली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतली कटकट थांबली. तिने धावत जाऊन पाहिलं, तर अण्णांच्या हातात डिस्कची उपटलेली वायर.

“तापली होती गं बिचारी. म्हटलं, घटकाभर निवू दे.”

 सून तिथेच बोलली असती तर वयाचा मान राहिला नसता. ती आत गेली, पेलाभर पाणी प्यायली, परत आली आणि आवाज शक्य तितका खाली ठेवत म्हणाली, “अण्णा, द्या ती वायर.”

तिने वायर जोडली. प्रोग्राम डिस्कची वाट बघत थांबला होता. डिस्क दिसताच जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

“अरे वा,” अण्णा म्हणाले, “हा चिडत नाही.”

“मी चिडते!” ती म्हणाली.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा सगळं उतरलं होतं, ताडूनही झालं होतं. मोजक्या फाइली तेवढ्या पुन्हा पुन्हा प्रयत्न करूनही आल्या नाहीत. त्यांत एका रातव्याची, म्हणजे रात्रीच बाहेर पडणाऱ्या पक्ष्याची, हाक होती. अण्णांनी तीन उन्हाळे त्याच्यामागे घालवले होते. ते समजल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. दिवसभर धुमसणाऱ्या सुनेला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

“ऐकायला कशी होती ती?” बाईंनी विचारलं.

अण्णांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि तोंडाने ती हाक काढली. लाकडावर हलकेच टकटक करावं, आणि ती टकटक थांबत थांबत विरून जावी, तशी. बाईंनी गडबडीने फोन काढला. “थांबा, थांबा! मूळ नाही तर नाही, तुमच्या आवाजात तरी राहू दे. पुन्हा काढा.”

अण्णांनी काढली. मग मान हलवली. “नाही जमली. शेवट घाईत झाला. शिवाय पंख्याची घरघर येतेय. सूनबाई, पंखा बंद कर. आणि त्या खुर्चीत चुळबुळ करू नकोस.”

सुनेने एक उसासा सोडला, उठून पंखा बंद केला आणि उकाड्यात, श्वास रोखून, भिंतीला टेकून उभी राहिली.