कोऱ्या कागदावरचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे, मित्रांनो, व्हिसाच्या कचेरीतला. मूठ लाकडाची, पोटात तारखेची चाकं आणि तोंड कायम शाईने जांभळं. हसू नका! एके काळी माझ्यावाचून समुद्रापलीकडे कुणाला पाऊल टाकता येत नसे.

युद्ध संपलं आणि कचेरीत रांग लागली. रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी असत. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी आठ वर्षांच्या लेकीला शेजारणीबरोबर पलीकडे धाडलं होतं. आता त्यांना तिच्याकडे जायचं होतं. पण घर जळालं, त्यात पासपोर्ट गेला, आणि नवा द्यायला त्यांचं सरकारच उरलं नव्हतं. शिक्का मारायचा तो पासपोर्टच्याच पानावर, असा नियम. मी नुसता चडफडत राही.

दर मंगळवारी मावशी बाकावर बसत, लेकीसाठी शिवलेला फ्रॉक मांडीवर घेऊन. पोर वाढत असणार, म्हणून खालची दुमड थोडी उसवत आणि पुन्हा टीप घालत. तिसऱ्या वर्षी मावशी आमच्या चष्मेवाल्या कारकुनांना म्हणाल्या, "भाऊ, दुमड संपली हो. आता सोडायला कापडच नाही."

कारकुनांनी तो फ्रॉक हातात घेऊन नीट पाहिला. त्याच आठवड्यात निर्वासितांच्या नियमांवर बैठक भरली. मी टेबलावरच होतो.

"पासपोर्टशिवाय व्हिसा? उद्या कुणीही उठून येईल," मोठे साहेब म्हणाले.

"पण पासपोर्ट द्यायला त्यांचं सरकार तर हवं ना, साहेब?" कारकून म्हणाले.

"मग शिक्का मारणार कशावर? कपाळावर?"

तारीख नीट उमटते का, हे बघायला कारकून मला रोज सकाळी कोऱ्या कागदावर मारून पाहत. तोच कागद त्यांनी पुढे सरकवला. "यावर मारू. फोटो लावू, नाव लिहू, खाली सही माझी. शिक्क्याला काय कळतंय, साहेब!"

मला सगळं कळत होतं, पण त्या दिवशी राग गिळला.

दुपारभर वाद चालला. शेवटी "वर्षभरापुरतं बघू," म्हणत साहेबांनी मान हलवली. पहिला कागद मावशींचा. इतका ठळक मी आयुष्यात कधी उमटलो नव्हतो.

मावशी गेल्या. आम्हा शिक्क्यांचं हे असंच, निघालेले दिसतात, पोचलेल्यांची खबर येत नाही. आता माझं रबर झिजलंय. खणात पडून असतो, पण जीव अजून त्या बाकाकडे ओढ घेतो.

मित्रांनो, घरातल्या जुन्या पेटीत जांभळ्या शाईचा असा कागद निघाला, तर रद्दीत टाकू नका, जपा. कुणीतरी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं बाकावर बसलेलं असतं. आणि सोबत दुमड नसलेला एखादा फ्रॉक निघालाच, तर मला एवढंच सांगा, तिला तो बसला का?