मूळ रूपात परत

माझं लग्न झालं. शामकलाशी झालं, डफडं वाजवून झालं, वरण थोडं कमी पडलं. आता हे सगळं विसरा. सरकारी दृष्टीने त्या दिवशी मी दवाखान्याच्या खोलीत कुलूपबंद होतो, आणि आजही आहे.

१९३६ च्या उन्हाळ्यात नवेगाव बांधच्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले. मला तेव्हा ताप होता. त्यांच्या गोळ्या मी खिशात ठेवल्या आणि माझ्या आत्याने, सावित्रीबाईने, केलेला गुळवेलीचा काढा प्यालो. ताप उतरला. इथं गप्प बसायचं, तर मी ते डॉक्टरांना सांगायला गेलो.

"पोटात गेलेल्या गुळवेलीचं पुढं शरीर काय करतं, हे पाहिलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरून.

पद्धत सरळ होती. सकाळी मापाने काढा. मग माझ्यातून जे पाणी निघेल ते सगळं काचेच्या बरणीत. एक थेंब बाहेर गेला तरी प्रयोग बिघडणार, म्हणून कुलूप. बरणी अर्जुनीहून रेल्वेने नागपूरला जायची. खिडकीच्या गजांतून समोर अख्खा तलाव दिसे. एवढं पाणी बघत बरणीपुरतं वागणं सोपं नसतं.

नागपूरहून उत्तर आलं: कडू द्रव्य आढळले नाही.

"म्हणजे ते अजून आत आहे," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, मी भात खातो, तो तरी कुठं भात म्हणून निंगते?"

"भात तुमचा होता. काढा सरकारी आहे." मग जरा विचार करून म्हणाले, "यकृत त्याचं रूप बदलत असणार. वेगळंच काही होऊन ते निघून जात असेल."

"मंग गेलं ना, साहेब!"

"वेगळं होऊन गेलेलं मला गेलं म्हणता येत नाही. जे आत गेलं, तेच बाहेर आलं पाहिजे."

कंपाउंडर बकाराम रोज गजांपाशी येई. "काऊन गा चैतराम, आज बी कडू नाही निंगलं?"

"नाही ना बावा. उद्या माहं लगन हाये."

"मंग जोर लाव."

दुसऱ्या दिवशी आत्या हळदीची वाटी, चार बाया आणि डफडं घेऊन खिडकीशीच आली. "नवरदेव हळदीकडे येत नाही, त हळद नवरदेवाकडे जाते," म्हणाली, आणि गजांतून हात घालून तिने मला कपाळापासून कोपरापर्यंत पिवळा केला. मग नवं धोतर आत सरकवलं, माझं तोंड गजांना टेकवून बाशिंग बांधलं.

डफडं ऐकून डॉक्टर धावत आले. "हळद? अहो, हळद हेही औषधच! कातडीतून आत गेली तर सगळं वाया!" त्यांनी कुलूप काढलं, आत शिरले, आणि बाशिंग पाहून थबकले.

"तुम्ही कोण?"

"नवरदेव," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं.

"रुग्णाच्या खोलीत नवरदेव? आधी बाहेर व्हा!"

त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दाराला परत कुलूप घातलं.

संध्याकाळी खोली रिकामी दिसली, तरी डॉक्टर डगमगले नाहीत. त्या दारातून फक्त एक नवरदेव बाहेर पडला होता. चैतराम पडला नव्हता. सबब चैतराम आत आहे, तूर्त दिसत नाही. आता त्याचा डबा बकाराम खातो, काढा बकाराम पितो, बरणीही बकारामच भरतो. परवा तलावाच्या बांधावर भेटला. "वापस ये ना गा," म्हणाला, "माह्या तोंडाले गूळ बी कडू लागून राहिला."

मी कसा जाऊ? चैतराम म्हणून दिसलो, की पुन्हा कुलूप. म्हणून बाशिंग सोडलेलं नाही. भाताच्या रोवणीलाही बांधून गेलो. पावसात त्याचा रंग उतरून तोंडावर आला, तर आत्याने नवं आणलं. डॉक्टर वाटेत भेटले की काळजीने विचारतात, "नवरदेव, खिडकीतून चैतराम कुठं दिसला का हो?"

शामकला आधी हसायची. आता हसत नाही. "बाशिंग सोडता कवा जी? बाया मले पुसतेत, तुहं लगन संपते कवा."

म्हणून हा अर्ज.

मेहेरबान डॉक्टर साहेब, दवाखाना नवेगाव बांध, यांचे सेवेशी. अर्जदार नवरदेव, राहणार सदर, विनंती करतो की, आपल्या खोलीत कुलूपबंद असलेला चैतराम वल्द केवलराम यास मूळ रूपात, अर्जदाराच्या समक्ष, बाहेर सोडण्यात यावे, म्हणजे अर्जदारास बाशिंग सोडता येईल.