बिनफवारणीच्या ओळी

"कावीळ लिवा," भाऊसो म्हणाले. "कावीळ लय चांगली. महिनाभर कुणी काय इचारत न्हाई."

सांगलीच्या कॉलेजच्या ऑफिसात रजेचा अर्ज घेऊन मी उभी होते. आठवा महिना लागला होता. भाऊसोंनी स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आपण टेबलाच्या कडेला टेकले.

"मला कावीळ झालेली नाही, भाऊसो. मूल होणार आहे."

"ते दिसतंय की, बाई. पर ह्या कागदावर ते बसत न्हाई. आजारपण, परीक्षा, जवळच्या माणसाचा मृत्यू. तीनच कारणं छापल्यात."

"आपल्या हरणाबाईला गेल्या साली तीन महिने रजा मिळाली. भरपगारी."

"ती शिपाई हाय. नोकरीत हाय. तुमी शिकताय."

"म्हणजे मी विद्यार्थिनी. मग दिवाळीची तीन आठवडे सुट्टी द्या."

"विद्यार्थिनी कशा? तुमाला फेलोशिप हाय. फेलोशिपवाल्यांस्नी वर्साला तीस दिस, सगळं मिळून. त्यातलं सा तुमी चैत्रात घेतल्यात."

चैत्रात मला पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. ते सहा दिवस.

"मग मी आहे तरी कोण, भाऊसो?"

ते जरा विचारात पडले. "तुमी त्या दोघींच्याबी वरच्या हाय," म्हणाले. थट्टा नव्हती ती. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

कारणाच्या रकान्यात मी 'वैयक्तिक' लिहिलं. चोवीस दिवस मिळाले.

माझे गाईड सर वाईट नव्हते. मला बसवून घेऊन त्यांनी चहा मागवला आणि तो निवेपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "शिंदेबाई, बुरशीला रजा नसते. मोजणीत खंड पडला तर सीझन गेला. आणि सीझन गेला तर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत कमिटी थांबायची नाही. मी काय करू?"

"खंड पडणार नाही, सर," मी म्हणाले.

माझं काम तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत होतं. द्राक्षाच्या पानांवर तेलकट पिवळे ठिपके येतात, खालून पांढरी लव धरते. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. बागमालक लालासाहेब पाटलांनी मला बारा ओळी दिल्या होत्या. आठ ओळींवर मी वेगवेगळ्या प्रमाणात मोरचूद आणि चुना मारून घेत होते. उरलेल्या चार ओळींवर काहीच मारायचं नव्हतं. त्या चार ओळींत रोग मोकळा वाढू द्यायचा, आणि बाकीच्या आठ त्यांच्याशी ताडून बघायच्या. त्या दोन्हींतला फरक म्हणजेच माझा प्रबंध.

त्या चार ओळी देताना लालासाहेबांचा जीव खालीवर झाला होता. "बाई, ताटावर बसलेल्या पोराला मुद्दाम उपाशी ठेवल्यागत वाटतंय हे," ते म्हणाले होते. तरी दिल्या, कौतुकापोटी. गावात बी.एस्सी. झालेली सून नव्हती कुणाच्या घरात, आणि मी तर त्याच्याही पुढं शिकत होते.

दर बुधवारी वेलींच्या खूण केलेल्या काड्यांवरची ठिपकेवाली पानं मोजायची. मी नसताना कोण मोजणार? बागेत राहीबाई कामाला होती. पन्नाशीची, अक्षरओळख नाही, पण पान उलटं करून नुसतं बोट फिरवलं की तिला रोग कळायचा. मला हातभिंग लागायचं.

मी कापडाच्या पिशव्या शिवल्या. फवारणीच्या ओळींसाठी पांढऱ्या, बिनफवारणीच्या ओळींसाठी लाल. ओळीत जितकी रोगट पानं दिसतील तितके जोंधळ्याचे दाणे त्या ओळीच्या पिशवीत टाकायचे आणि पिशव्या शेडमधल्या खिळ्याला अडकवायच्या. एका बुधवारचा एक खिळा.

"मान्सं दाणं पेराया जपून ठेवत्यात," राहीबाई म्हणाली, "आन् तुमी रोग मोजाया. देवा रं."

दोनदा तिनं आणि मी वेगवेगळं मोजलं. दोन्ही वेळा जमलं. दुसऱ्या खेपेला एका पानाचा फरक आला, तो माझा चुकला होता.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडं. पहिलं बाळंतपण म्हणून आई मला घेऊन गेली. मुलगी झाली. तांबूस, केसाळ, आणि रडायच्या आधी खालचा ओठ बाहेर काढणारी. मी तिच्याकडं बघतच बसायचे. तिच्या कानाच्या पाळीवरची लव बघून मला आधी केवडा आठवला आणि मग माझीच मला लाज वाटली.

लालासाहेबांच्या पत्त्यावर कार्ड टाकलं : मुलगी झाली. राहीबाईला सांगा, मोजणी चुकवू नको.

मुलीचे वडील फौजेत, पंजाबात. त्यांचं पत्र आलं : सुभेदारसाहेबांनी माझा रजेचा अर्ज एका दिवसात पुढं पाठवला. जानेवारीत दोन महिने येतो. तुझ्या रजेचं काय झालं?

चोविसावा दिवस संपला. पंचविसाव्या दिवशी पहाटे मी कानाला फडकं बांधून एस्टीत बसले. शेजारी आई, तिच्या मांडीवर मुलगी.

"सव्वा म्हैना व्हायचाय अजून," आई विट्यापर्यंत बोलत होती. "बाळंतीण उंबऱ्याभायेर पाऊल टाकत न्हाई, आन् ही निघाली ठिपकं मोजाया. तुज्या त्या सरला आय न्हाई का गं?"

"आहे की."

"मग तिला भेटाया पायजे मला."

मागच्या बाकावरचा कुणीतरी हसला. आईनं मागं वळून बघितलं, त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

बागेत पोचलो तेव्हा दहा वाजले होते. राहीबाईनं हातातलं टाकलं आणि आधी मुलीला घेतलं. तिचे हात मोरचुदानं हिरवे-निळे पडलेले होते, म्हणून पदरात गुंडाळून घेतलं. मी शेडमध्ये गेले. तीन खिळे, तीन जुडगे. पहिल्या बुधवारच्या लाल पिशव्या फुगलेल्या होत्या, दाबल्या तर दाणे सरकत होते. जसं व्हायला हवं होतं तसंच. मी दुसऱ्या खिळ्याकडं वळले. लाल पिशव्या चपट्या. तिसऱ्याच्याही. एक उलटी करून झाडली. एकही दाणा पडला नाही.

मला वाटलं, विसरली. म्हातारं माणूस, कामाचा रेटा. मनातल्या मनात मी तिला माफसुद्धा केलं.

"राहीबाई, ह्या चार ओळींचं मोजायचं राहिलं का?"

"मोजलं की," ती मुलीवरची नजर न काढता म्हणाली. "दाणा कुटनं टाकू? ठिपकाच न्हाई ऱ्हायला."

मी ओळींकडं धावले. धावायचं नव्हतं, टाके ओढले. चारही ओळी उभ्या होत्या, हिरव्यागार. पानांवर निळसर पांढरा थर वाळला होता.

लालासाहेब विहिरीकडून आले. फेटा सारखा करत, हसत. "तुमचं कार्ड आलं, बाई. पोरगी झाली म्हनल्यावर वाटलं, पेढं तर सगळंच देत्यात. तुमी तिकडं बाळंतीण, आन् हितं तुमच्याच चार ओळी तेवढ्या आजारी. नजरंला बरं दिसंना. आदी ह्या राहीबाईनं रोगट पानं खुडून जाळली, मग मी सोता उभा ऱ्हाऊन दोन हात औषध मारून घेतलं. लेकीच्या नावानं. चालतंय न्हवं?"

राहीबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या पदरात माझी मुलगी ओठ बाहेर काढून रडायच्या तयारीत होती.

सगळं समजावून सांगता आलं असतं. त्या ओळी आजारी राहायला हव्या होत्या, त्यांच्या आजारपणातच माझं सगळं होतं. दोन महिन्यांपूर्वी सांगितलंही होतं, आणि त्यांनी मान डोलावली होती. पण तेव्हा मला मूल नव्हतं. तेव्हा त्या कॉलेजच्या ओळी होत्या.

"बरं केलंत, दादा," मी म्हणाले.

मग मांडवाखाली बसून मुलीला पाजलं. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि कानाचं सुटलेलं फडकं पुन्हा बांधलं.

सांगलीच्या एस्टीत मांडीवर वही उघडली. चार ओळी, दोन बुधवार. आठ आकडे. कसे वाढत गेले असते ते मला पाठ होतं. पहिल्या आकड्याच्या दुप्पट, मग त्याच्या दीडपट, मध्ये एखादा जरा कमी, खरं वाटावं म्हणून. जगात कुणालाही कळलं नसतं. पेन्सिल टेकवली. मग वाटलं, एका अडाणी बाईनं जिथं ठिपका नाही तिथं पिशवी रिकामी ठेवली, एक दाणासुद्धा खोटा टाकला नाही. आणि मी शिकलेली. त्या जागी शून्यं लिहिली. शेजारी लिहिलं : फवारणी झाली.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. "कुणी केली? का?"

"मला मुलगी झाली म्हणून."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "वाईट झालं," म्हणाले, आणि चष्मा पुन्हा चढवत, "तुम्ही इथं असता तर झालं नसतं."

हे खरंच होतं.

कमिटीचं पत्र जानेवारीत आलं. दोनच वाक्यं. प्रगती असमाधानकारक. फेलोशिप रिक्त समजण्यात येत आहे.

फेब्रुवारीत वह्या, भिंग, ओळींच्या पत्र्याच्या चकत्या जमा करायला गेले. रजेवर आलेले हे मुलगी सांभाळायला घरी तयार होते, पण ती बाटलीला तोंड लावत नव्हती, म्हणून घेऊन आले. भाऊसोंनी एकेक वस्तू यादीत लिहून घेतली, पोच दिली आणि मुलीच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. तीन महिन्यांच्या मुलीच्या.

"लेकीला द्या म्हटलं कायतरी," ते म्हणाले. "खाईल मोटी झाल्यावर."

बाहेरच्या बाकावर पाजायला बसले. शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर सर्टिफिकिटांची फाईल. बावीस-तेवीसची. कराडची, म्हणाली. त्याच जागेसाठी आली होती, तिला माहीत नव्हतं ती कुणाची ते. मीही सांगितलं नाही. ती माझ्या मुलीची पावलं बघत होती.

"सर कसे आहेत हो?" तिनं विचारलं. "काय काय विचारतात?"

"चांगले आहेत," मी म्हणाले. "विषयाचं नंतर. आधी विचारतात, लग्न झालंय का."

आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, मग बराच वेळ कुणाचंच नाही. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग मान खाली घालून दोन्ही हात मागं नेले, गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढली आणि हातरुमालात गुंडाळली. पर्स नव्हती तिच्याकडं. फाईलमध्ये ठेवली असती तर आत फाईल उघडायचीच होती.

"ताई, एवढं धराल? मी आलेच."

मी हात पुढं केला. तिचं नाव पुकारलं. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेत ती आत गेली, आणि दार तिच्यामागं आपोआप लागलं.

मुलगी दूध पिता पिता झोपली होती. एका हातानं तिला सावरलं, दुसऱ्या हाताची मूठ मिटली. रुमालातून मणी लागत होते, अजून तिच्या गळ्याच्या उबेनं कोमट.